नवा लॅपटॉप राहू दे, आधी हे खेळ

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोललीस ते सगळं ऐकून घेतलं. उत्तर तेव्हा दिलं नाही, कारण तू चिडली होतीस आणि मागे लॅपटॉपच्या पंख्याची घरघर मलाही ऐकू येत होती. रात्रभर जागून एवढा मोठा गेम उतरवून घ्यायचा आणि सुरू केल्यावर तो ठेचकाळत चालायचा, म्हणजे राग येणारच. पण त्यावरून ‘नवा लॅपटॉपच लागणार’ हा जो निष्कर्ष तू काढलास तो मला पटलेला नाही. लॅपटॉप बिघडलेला नाही. त्याला झेपणार नाही ते काम तू त्याच्या गळ्यात मारलंस.

सोबतच्या खोक्यात माझा स्विच आहे, निन्टेन्डो कंपनीचं हातात धरून खेळायचं यंत्र. आजपासून तो तुझा. २०१७चं पहिलं मॉडेल आहे. कंपनीच्याच हिशेबाने याची बॅटरी गेमप्रमाणे अडीच ते साडेसहा तास टिकते. या दोन आकड्यांमधला फरक लक्षात ठेव. मोठा, झगमगीत गेम लावलास तर अडीचच्या जवळ जाशील. मी खाली सांगतोय तसे लावलेस तर यंत्र गरमही होत नाही आणि चार्जरही शोधावा लागत नाही.

हे काही आजचं नाही. १९८९ साली याच कंपनीचं गेम बॉय हे हातातलं यंत्र आलं तेव्हा त्याचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा होता आणि त्यावर हिरवट रंगाच्या चार छटा, बस्स. मागून उजेडसुद्धा नाही. त्याच काळात रंगीत, उजळ पडद्याची हातातली यंत्रं आली होती, पण ती सहा सेल घालून काही तासांत आडवी व्हायची. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. तो बनवणारे गुनपेई योकोई यांचं धोरणच तसं होतं: नवंकोरं, महागडं तंत्र नको, वापरून मुरलेलं स्वस्त तंत्र घ्या आणि त्याला भलत्याच कामाला जुंपा. शेवटी बाजार कोणी मारला ते जगाला माहीत आहे.

आता तुझ्या लॅपटॉपचं. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चित्र काढायचं काम प्रोसेसरचाच एक भाग करतो आणि त्याला लागणारी मेमरी तुझ्या त्या ८ जीबी रॅममधूनच घेतो. म्हणून मागे ब्राउझरचे चाळीस टॅब उघडे ठेवून गेम लावू नकोस (ठेवतेस, मला माहीत आहे). रॅमची एकच पट्टी असेल आणि शेजारची खाच रिकामी असेल, तर तीत दुसरी पट्टी बसवून घे. दोन पट्ट्यांतून माहिती एकदम वाहायला लागली की अशा लॅपटॉपवर फरक लगेच जाणवतो. खेळताना चार्जर लावून ठेव, कारण बरेच लॅपटॉप बॅटरीवर मुद्दाम हात आखडता घेतात. आणि रिझोल्यूशन उतरव. १९२० बाय १०८० म्हणजे वीस लाखांवर ठिपके, १२८० बाय ७२० म्हणजे जेमतेम सव्वानऊ लाख. अर्ध्याहून जास्त ओझं एका सेटिंगने उतरतं. त्यानंतर सावल्या कमी कर. बाकीच्या सेटिंगच्या नादी लागू नकोस, त्यात अख्खी संध्याकाळ जाते आणि खेळणं राहूनच जातं.

आता खेळांकडे येतो. पहिला, आणि एकच घ्यायचा झाला तर हाच: ‘इनटू द ब्रीच’. २०१८चा. १ जीबी रॅमवर चालतो, डिस्कवर ४०० एमबीच्या आसपास जागा घेतो. आठ बाय आठ घरांचा पट, त्यावर तुझे तीन यंत्रमानव आणि जमिनीतून वर येणारे राक्षसी किडे. गंमत अशी की किडा पुढच्या खेपेला काय करणार ते तो आधीच दाखवतो: हा या इमारतीवर थुंकणार, तो त्या घरावर धडकणार. तू त्याला मारलंच पाहिजेस असं नाही. एक घर बाजूला ढकललास की झालं. परवा माझ्या पटावर दोन किडे आणि एक इमारत असा पेच होता आणि हातात एकच चाल उरलेली. दहा मिनिटं नुसता बघत बसलो. मग लक्षात आलं की पहिल्याला डावीकडे सरकवलं तर इमारतीवर जाणारा त्याचा फटका दुसऱ्या किड्यावर बसतो. सरकवलं. बसला. आनंदाने एवढ्या जोरात ओरडलो की आई आतून बाहेर आली. प्रत्येक लढाई मोजक्या खेळ्यांत संपते, म्हणजे वीस मिनिटं मोकळी असली तरी पुरतात. आणि घड्याळ नाही, त्यामुळे मध्येच कुणी हाक मारली तर काही बिघडत नाही.

हातातल्या यंत्रासाठी मी गेम निवडताना आधी हेच बघतो: मध्येच खाली ठेवता येतो का? ग्राफिक्स नंतर. स्विचचं बटण दाबलं की तो जिथल्या तिथे झोपतो आणि उठवला की तिथूनच पुढे चालू होतो, हे खरं. पण डोक्यातलं काय? गुंतागुंतीची गोष्ट आठ दिवसांनी पुन्हा हातात घेतली की आपण कुठे चाललो होतो हेच आठवत नाही. पत्त्यांच्या खेळांना ती अडचण नाही. ‘स्ले द स्पायर’ घे किंवा ‘बलाट्रो’ घे. बलाट्रो २०२४मध्ये आला, एकट्या माणसाने बनवला आणि आकाराने तुझ्या फोनमधल्या एखाद्या अॅपएवढा आहे. त्यात पोकरसारखे पत्त्यांचे डाव जुळवायचे असतात, पण पोकर येत नसलं तरी चालतं, मलाही येत नव्हतं. पैसे लावायचा संबंध नाही. फक्त झोपायच्या आधी सुरू करू नकोस. याहून जास्त सांगत नाही.

दुसरी गोष्ट अक्षरांची, आणि ती कुणी सांगत नाही. मोठ्या टीव्हीसाठी बनवलेला गेम सहा इंची पडद्यावर आला की त्यातला मजकूर मुंगीएवढा होतो. मी एक गाजलेला गेम असाच हौसेने घेतला, नाव घेत नाही. चष्मा कपाळावर ढकलून, पडदा नाकापासून चार बोटांवर धरून वाचत होतो. बाटलीत औषध आहे की विष ते कळेना, शेवटी पिऊनच पाहिली. विष होतं. तेव्हा घेण्याआधी हातात धरून खेळणाऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ बघ आणि अक्षरं वाचता येतात का ते तपास. तुझ्या मैत्रिणीच्या स्टीम डेकवर (तिचं ते हातात धरायचं गेमचं यंत्र) गेमांना ‘व्हेरिफाइड’ अशी हिरवी खूण असते बघ, ती देतानाही मजकूर त्या पडद्यावर वाचता येतो का हे पाहिलेलं असतं.

तिच्या डेकवरून आठवलं. तिला सांग, जड गेम असेल तर सेकंदाला ६० फ्रेमचा, म्हणजे ६० चित्रांचा, हट्ट सोड आणि ४० फ्रेमवर बांध. ६० फ्रेमला एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, ३०ला ३३.३ आणि ४०ला २५. म्हणजे आकड्याने ४० हा ३०च्या जवळ दिसतो, पण वेळेच्या हिशेबाने तो दोघांच्या बरोबर मध्ये आहे. डोळ्यांना सुख आणि बॅटरीलाही.

‘सेलेस्ट’ तुला आवडेल असं वाटतं, पण पहिल्या दिवशी मला शिव्या देशील. डोंगर चढणारी एक मुलगी, उड्या आणि शेकडो वेळा मरणं. मेलीस की क्षणात त्याच खोलीत पुन्हा उभी, त्यामुळे मरण्याचं काही वाटत नाही. फार अडलीस तर ‘असिस्ट मोड’मध्ये खेळाचा वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो. तो लावण्यात कमीपणा मानू नकोस, मी लावलाय. याचं मूळ रूप २०१६ साली चार दिवसांत तयार झालं होतं, १२८ बाय १२८ ठिपक्यांत आणि सोळा रंगांत. ते मूळ रूप आताच्या गेममध्येच एका ठिकाणी लपवलेलं आहे. कुठे ते सांगणार नाही.

‘हॉलो नाइट’, किड्यांच्या राज्यात उड्या मारत, लढत फिरायचा गेम, स्विचवरच खेळ, कीबोर्डवर बोटांचे हाल होतात. अंधारलेला गेम आहे, तेव्हा उन्हात बसून काही दिसणार नाही. याच्या उलट ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ लॅपटॉपवर. रिकामं परतलेलं जहाज, साठ माणसं आणि प्रत्येकाचं काय झालं ते तू शोधायचं. चित्रात रंग दोनच, पण सगळं बारीक ठिपक्यांनी रेखलेलं असल्यामुळे मोठा पडदा हवा. शेजारी वही ठेव.

लॅपटॉपसाठी स्टीमवर, म्हणजे गेमांच्या त्या ऑनलाइन दुकानात, घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. तुझ्या मशीनवर पळतो का, हे बघायला पहिला पाऊण तास पुरेसा आहे. नाही पळाला तर त्याच्याशी कुस्ती खेळत बसू नकोस, परत कर. स्विचवर बऱ्याच गेमांचे मोफत डेमो मिळतात, तिथे आधी ते खेळ.

राहता राहिला ‘स्टारड्यू व्हॅली’. एकाच माणसाने चार वर्षांहून जास्त खपून केलेला, २०१६चा, शेतीचा. तो स्विचवर आधीच आहे. त्यातला एक दिवस आपल्या साधारण चौदा मिनिटांचा असतो आणि झोपायला गेल्याशिवाय सेव्ह होत नाही, म्हणून ‘एवढा एक दिवस संपवते’ असं म्हणता म्हणता रात्रीचे दोन वाजतात. परीक्षा संपेपर्यंत उघडू नकोस असं सांगून उपयोग नाही, तेव्हा सांगत नाही. तू तुझं नवं शेत सुरू कर. यादीत सगळ्यात वरचं आहे ते माझं. ते पुसू नकोस. तिथे आत्ता हिवाळा आहे, पाणी घालायला काही नाही, आणि कोंबड्यांसाठी गवत भरून ठेवलंय.

तुझा,
बाबा