अंदमान आपल्यालाही परवडतं

प्रिय मित्रा,

‘अंदमान आपल्या खिशाचं काम नाही’ असं तू लिहिलंस आणि मला राहवेना. पॅकेजवाल्यांनी तुला सांगितलेला आकडा खोटा नसेल, पण तो घाईचा आकडा आहे. चार दिवसांत सगळी बेटं उरकायची म्हटलं की खासगी बोट लागते, दारात गाडी लागते. हाताशी वेळ असेल तर यातलं जवळजवळ काहीच लागत नाही.

मोठा खर्च विमानाचा, म्हणून ते तिकीट लवकर काढ. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजंही जातात, पण समुद्रात अडीच-तीन दिवस जातात आणि तारखा आपल्या सोयीने मिळत नाहीत.

पोर्ट ब्लेअरहून (आता त्याचं नाव श्री विजयपुरम) हॅवलॉकला, म्हणजे स्वराजद्वीपला, सरकारी बोटीनेच जा. फिनिक्स बे जेट्टीवरून ती सुटते, अडीचेक तास घेते. खासगी बोटीपेक्षा भाडं कितीतरी कमी, शिवाय बंद काचेआड बसण्याऐवजी डेकवर वारा खात उभं राहता येतं. सोबत बेटावरची माणसं असतात, बाजार करून, दवाखाना उरकून घरी निघालेली. त्यांच्यासाठी ही बोट म्हणजे आपली एसटी. त्यामुळे पहिला हक्क त्यांचा, हे मला अगदी योग्य वाटतं. तू आपलं तिकीट आधी काढून ठेव. हवा बिघडली तर बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा सोड. त्या दिवसावर अजिबात काटकसर करू नकोस.

बेटावर बांबूच्या साध्या खोल्या मिळतात. जेट्टीवरून राधानगरच्या किनाऱ्यापर्यंत बस जाते. मात्र दुपारीच नीघ. घड्याळ आपलंच असलं तरी ही बेटं इतकी पूर्वेला आहेत की हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य बुडायला लागतो. पहाटही तशीच लवकर होते, आणि त्या वेळी किनाऱ्यावर कोणी नसतं. पाण्यात उतरण्याआधी मगरीच्या सूचनेचे फलक मात्र नीट वाच. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत.

नील बेट, म्हणजे शहीदद्वीप, मला जास्त आवडलं. ते इतकं छोटं आहे की भाड्याच्या सायकलवर सगळं पालथं घालता येतं. लक्ष्मणपूरची दगडी कमान बघायची तर ओहोटीची वेळ आधी विचारून घे. पाणी ओसरलं की खडकांतल्या खळग्यांत मासे, खेकडे, समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे समुद्री जीव) उघड्या दिसतात. मी तासन्‌तास तिथेच वाकून बघत बसलो, त्याला एक पैसा लागला नाही. प्रवाळावर पाय देऊ नकोस, ते जिवंत असतं. आणि शिंपले-प्रवाळ पिशवीत टाकू नकोस. विमानतळावर काढून घेतात हे आहेच, पण ते तिथेच राहायला हवेत.

बाराटांग बेटाची सहल सगळे गळ्यात मारतील. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. माणसं दिसतील या आशेने गाड्यांचा ताफा त्यांच्या घरातून जावा, हे मला पटत नाही. मी गेलो नाही, तूही जाऊ नकोस. त्याऐवजी ती सकाळ सेल्युलर जेलला दे. १९०६ साली बांधून झालेल्या त्या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी तीनच उरल्या आहेत. सावरकरांची कोठडी बघून लगेच बाहेर पडू नकोस. तिथे डांबलेल्या क्रांतिकारकांच्या नावांच्या पाट्या सावकाश वाच, बंगाल-पंजाबची किती माणसं तिथे होती ते कळतं.

एटीएमवर विसंबू नकोस, रोख जवळ ठेव. पाण्याखाली बघायचा चष्मा इथूनच ने.

समुद्र जानेवारी ते मार्च शांत असतो. कॅलेंडरमध्ये अमावास्या बघ आणि तिच्या आसपासच्या तारखा धर. तेव्हा ओहोटी खूप आत जाते आणि अंधाऱ्या रात्री नशीब असेल तर पाणी हाताने ढवळलं की चमकतं. तारखा पक्क्या झाल्या की लगेच कळव. मीही येतोय, दोघांची बोटीची तिकिटं मी काढतो.

तुझाच,
जुना मित्र