गुरुवारच्या पेपराआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

चिमीकडून कळलं, मॅथ्सचा पेपर वाईट गेला आणि राहिलेले पेपर न देता अख्खं सेमिस्टर पहिल्यापासून करायचं म्हणतोयस. परीक्षेबद्दल अक्षर लिहायचं नाही, असं तुझ्या आईला कबूल केलंय. म्हणून दिवाळीतल्या भांडणाबद्दल लिहितो.

पहिल्याच फेरीत एखादं भूत निसटलं की तू पॅकमॅनचा व्हिडिओ गेम बंद करून नव्याने सुरू करायचास. तासभर तेच बघून मी ‘लबाडी’ म्हणालो. तू ताटावरून उठलास आणि पुण्याची गाडी येईपर्यंत धड बोलला नाहीस. तो शब्द मी मागे घेतो. तू गेल्यावर मी बसून वाचलं. पूर्ण गुण 33,33,360. त्यासाठी 255 फेऱ्यांतला एकूण एक ठिपका, प्रत्येक फळ, आणि मोठी गोळी खाल्ली की भुतं निळी होतात त्या फेऱ्यांत दर गोळीमागे चारही भुतं खायची, तीही एकसुद्धा लाइफ न घालवता. एक भूत सुटलं की तो आकडा गेलाच. पुन्हा सुरू केलं की स्कोअर शून्य, आधीचं काही हाताशी राहत नाही. मग लबाडी कुठे आली? चुकीच्या आधी सेव्ह करून, तिथूनच पुढे खेळून ‘एका दमात केलं’ म्हणालास, तर ती लबाडी. तू तसं करणार नाहीस हे मला तेव्हाही माहीत होतं.

मला भीती वेगळीच वाटली होती. दुसरीत शुद्धलेखनात एक काना चुकला की तू पान फाडायचास. शिवलेली वही, पुढचं पान फाडलं की मागचं कोरं पानही सुटायचं. आजी ती पानं वाण्याच्या हिशोबाला ठेवायची. बाईंनी तुझी वही वर्गभर फिरवली तेव्हा ती जेमतेम अर्धी उरली होती. मी ती ऑफिसात सगळ्यांना दाखवली. काय अक्षर होतं! मला तेव्हा अक्षरच दिसलं, वही किती उरली ते दिसलं नाही.

गुरुवारचा पेपर दे. बघ, आलंच शेवटी. एटीकेटी लागली तर लागू दे, एका विषयाची लागेल. बाकीचे विषय तुला येतात, येत असलेलं कोरं ठेवून यायचं म्हणजे... पुरे. भाषण झालं, माफ कर.

एक मात्र तुला माहीत असेलच. 256व्या फेरीत अर्धा पडदा बिघडतो, ती फेरी पुरी होतच नाही. त्या बिघडलेल्या भागातले नऊ ठिपके प्रत्येक लाइफला पुन्हा येतात. म्हणून इतके तास जपलेल्या लाइफ तिथे एकेक करून घालवाव्या लागतात, तेव्हा कुठे 33,33,360 भरतात. मी ते तीनदा वाचलं. सुट्टीत आलास की मला दाखव.

आत्याने चिवडा दिलाय, शेंगदाणे काढून. रात्री जागू नकोस. गुरुवारी सकाळी फोन करीन. उचलला नाहीस तरी चालेल, पण पेपरला जा.

तुझा,
बाबा