निकोटिनचा च्युइंगगम चघळताना होणारी चूक

मा. संपादक,

सिगारेट सोडायची म्हणून निकोटिनचा च्युइंगगम आणतात आणि साध्या च्युइंगगमसारखा चघळत सुटतात. मग घसा जळजळतो, उचक्या लागतात, मळमळतं आणि पाकीट दोन दिवसांत खणात पडतं. औषधाला दोष देऊ नये, चघळणं चुकतं. निकोटिन लाळेबरोबर पोटात गेलं तर बरंचसं वाया जातं. ते गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरायला हवं. म्हणून सावकाश चावावं, तिखट चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवावं. चव ओसरली की पुन्हा चावावं, जागा बदलावी. असं साधारण 30 मिनिटं. आधीची 15 मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत कॉफी, सोडा, आपली सोलकढीसुद्धा नको. आंबटपणामुळे निकोटिन शोषलं जात नाही.

उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर सहसा 4 मिलिग्रॅमचा च्युइंगगम, नाहीतर 2 मिलिग्रॅमचा. गरोदर स्त्रिया, हृदयरोगी यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. सुमारे 12 आठवडे, हळूहळू कमी करत घ्यावं. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात थांबवू नये. समुपदेशनासाठी 1800-112-356 ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. गोव्यातल्या फार्मसीवाल्यांनी पाकीट देतानाच हे सांगावं, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, फोंडा