‘हेरा’वरील खर्च वाया गेला नाही

रविवारच्या पुरवणीतील मूलकणांवरील लेखात, जर्मनीतील हँबुर्गचा ‘हेरा’ त्वरक (कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र) 2007 मध्ये बंद झाल्याने त्यावरचा खर्च वाया गेला, असा सूर आहे. तो पटत नाही. तेथे 6.3 किलोमीटर परिघाच्या भूमिगत बोगद्यात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या टकरी घडवल्या जात. त्यांतून कधी कधी चार्म क्वार्क (क्वार्क या मूलकणाचा एक जड प्रकार) असलेले जड मेसॉन, म्हणजे क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोडीने बनलेले कण, जन्मत. त्यांचे आयुष्य सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास. त्यामुळे विघटनातून निघालेल्या कणांच्या खुणांवरूनच त्यांची मोजदाद करावी लागे. ही मोजदाद महत्त्वाची, कारण चार्म क्वार्कची जोडी मुख्यतः प्रोटॉनमधील ग्लुऑनपासून (क्वार्कना एकत्र बांधून ठेवणाऱ्या कणांपासून) तयार होते. म्हणजे मेसॉन मोजले की, थेट न दिसणाऱ्या ग्लुऑनचा अंदाज बांधता येतो. जिनिव्हाजवळच्या महात्वरकातील प्रोटॉन-टकरींची गणितेही या माहितीवर अवलंबून असतात. शिवाय ‘एच-1’ व ‘झ्यूस’ या ‘हेरा’वरील कणशोधक उपकरणांचे चार्मविषयक एकत्रित निष्कर्ष 2018 मध्ये, यंत्र थांबल्यानंतर अकरा वर्षांनी, प्रसिद्ध झाले. लेखकाने (बाकी लेख वाचनीय असूनही) नेमके हेच गाळले. यावर पुरवणीत स्वतंत्र लेख द्यावा. आमच्याकडची विज्ञान शाखेची मुले तो आवडीने वाचतील.

– एक विज्ञानशिक्षक, विश्रामबाग, सांगली