सुऱ्या, दोन खोडं आली आहेत

प्रिय सुऱ्या,

स.न.वि.वि. वगैरे राहू दे. तुझे तीन मेसेज आले, बघितले, उत्तर दिलं नाही, त्याबद्दल शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून घे कारण पुढं तुला वेळ मिळणार नाही. आईचा गुडघा तसाच. माझी शुगर काठावर. झालं.

कणकुंबीच्या अलीकडे मी एका होमस्टेच्या बागेचं काम घेतलंय. जागा बघितलीस तर वेडा होशील मर्दा. पश्चिमेला उतार, मधनं ओढा, वर फणस न् जांभूळ, ऊन पोचतं ते कवडशानं. मालक बेंगळुरूचा, माणूस वाईट नाही, हिंदीत म्हणाला की गुलाब-लॉन नको, सगळं 'नेटिव्ह' पाहिजे, मोठेमोठे फर्न पाहिजेत, आत शिरल्यावर डायनासोर येईल असं वाटलं पाहिजे. मला काय, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्या आवडीचं मागितलं. घरी येऊन रात्री प्लॅन काढला. ओढ्याच्या काठाला अँजिओप्टेरिस, माझ्याकडं मागं चार मोठे झालेत, त्यांच्या देठाच्या बुडाशी ते मांसल कान असतात ना, तेच कापून ओल्या वाळूत पुरून केलेत, जंगलातनं एक पान आणलं नाही. पाच-पाच मीटरचं पान होतं त्याचं, जागा देऊनच लावावं लागतं. जांभ्याच्या कापलेल्या दरडीला ब्लेक्नम ओरिएंटाल, नवीन पान तांबडं येतं ते. खाली जिथं पाणी तुंबून चिखल होतो तिथं खाडीतला ॲक्रोस्टिकम, गोड्या पाण्यातपण मस्त येतो. बाकीच्यांना मात्र तुंबलेलं पाणी चालत नाही, त्यांना वाहतं पाहिजे, हे मालकाला समजावताना माझा घसा बसला. ओलं म्हणजे डबकं नव्हे. आणि खरी परीक्षा पावसात नाहीच, पावसात तर काठीला पण पालवी फुटते. फेब्रुवारीनंतर ओढा आटतो आणि कोरडा वारा सुटतो, तेव्हासाठी पालापाचोळ्याचा जाड थर आणि वरच्या टाकीतनं फवारा, हे सगळं कागदावर लिहून दिलं. झाडी तोडायची नाही हे तर दोनदा लिहिलं.

आणि वृक्षनेचा, खोड असलेला झाडाएवढा फर्न. सायाथिया जायगँटिया. तो मी लिहिला 'बीजाणूपासून, सहा-आठ वर्षं'. मालक हसला. म्हणाला, दसऱ्याला गेस्ट येणार आहेत.

परवा साइटवर गेलो तर पोर्चमध्ये दोन खोडं, गोणपाटात गुंडाळलेली. पुरुषभर उंच. देठ काळेभोर, चकचकीत. म्हणजे नर्सरीवाले 'देशी' म्हणून गळ्यात मारतात तो ऑस्ट्रेलियन कूपरी नव्हेच, त्याच्या देठावर पांढुरके खवले असतात आणि पान गळालं की खोडावर नाण्यासारखे गोल व्रण राहतात. (हवाईत त्या कूपरीनं जंगलात घुसून उच्छाद मांडलाय, तरी आपल्याकडं विकतायत.) ही आपलीच. एकाला खाली मुळांचा गड्डा आहे, निदान थोडा तरी. दुसरं सरळ करवतीनं कापलेलं. मालकानं कुठं तरी व्हिडिओ बघितला, ऑस्ट्रेलियात खोड कापून दुसरीकडं लावतात. लावतात की, पण तो डिक्सोनिया, वेगळाच वृक्षनेचा! त्याला कापलेल्या बुडाला परत मुळं फुटतात. सायाथियाला सहसा नाही फुटत. हे मी त्याला सांगितलं तर म्हणतो, 'आप एक्सपर्ट हो, कुछ करो.'

टेंपोचा पोरगा भेटला. कुठनं आणलास विचारलं. म्हणाला, शिरसीच्या पुढं, देवळामागच्या ओढ्यातनं, पायऱ्या आहेत बघा खाली उतरायला.

सुऱ्या, किती देवळांच्या मागं ओढा असतो मला माहीत आहे. पण पायऱ्या?

तुला आठवतं ते सांगायची गरज नाही. तू त्या पायऱ्यांच्या ओढ्यातनं याचंच वीतभर रोप उपटून कॉलेजच्या बागेत लावलंस, बोअरचं खारं पाणी घातलंस आणि एप्रिलमध्ये ते वाळलं, आणि मी सरांना सांगितलं म्हणून तू सेमिस्टरभर माझ्याशी बोलला नाहीस, मेसमध्ये पण लांब बसायचास, आणि माझ्या वाटणीचा कुंदा मात्र खाल्लास. मी अजूनही म्हणतो मी बरोबर केलं. म्हणूनच तुला विचारतोय, कारण आता परत तेच आलंय आणि तेवढं सोपं नाही राहिलं.

वनखात्याला सांगावं तर पकडला जाणार कोण? मालक नाही. तो टेंपोवाला, दहावी नापास, बाप दारूडा. मालक म्हणेल मी नर्सरीतनं घेतलं, बिलपण कुठनं तरी आणेल. आणि सायाथिया सगळाच्या सगळा साइट्सच्या (CITES, दुर्मीळ झाडं-प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहे, पण ते परदेशच्या व्यापाराचं, टेंपोला कोण विचारतंय. गप्प बसून लावावं तर पुढच्या वर्षी अजून चार येणार, शेजारचा होमस्टेवाला पण मागणार, आणि बाग केली कुणी, तर दत्तानं. नाही लावलं तर ती दोन्ही पोर्चमध्येच मरणार. ॲडव्हान्स घेतलेला आहे, त्यातनं अर्ध्याचे पत्रे बदलले घराचे. ही म्हणते, झाड तर आधीच तोडलंय ना, आता जगव. तिचं चुकतंय असंही नाही.

सध्या दोन्ही माझ्याकडं फणसाखाली आणलीत. 'ट्रीटमेंट' करतो म्हणून सांगितलंय, मालक खूश. जुनी पानं कापली, शेंड्याचे गुंडाळलेले कोंब ठेवले, खोडाला गोणपाट बांधून वरनं ठिबकची नळी सोडली, कारण याला पाणी बुडाला घालून काय उपयोग, मुळांचं जाळं तर खोडावरच असतं. मुळं असलेलं जगेल असं वाटतंय. कापलेल्याचा एक कोंब उलगडायला लागलाय, पण ते खोडातल्या साठ्यावर चाललंय, मी फसणार नाही.

एक झालं मात्र. कापलेल्या पानांच्या मागं बीजाणू पिकलेले होते. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली, सकाळी कागदभर तपकिरी पूड. दोन डब्यांत कोकोपीट उकळून घेऊन त्यावर पेरलीय, काच झाकून. उरलेली पाकिटात घालून तुला कुरिअर करतोय, तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये टाक. हिरवा थर आला की ते बदामासारखे चिमुकले तुकडे दिसतील, तेव्हा वरनं पाणी फवारत जा, पाण्याशिवाय फलन होत नाही, हे तुला मी शिकवायचं म्हणजे सर वरनं हसत असतील. नळाचं नको, उकळून गार केलेलं.

तुझं प्रमोशन झालं ऐकलं, अभिनंदन. वहिनींना नमस्कार. अन्वीचं बारावीचं काय ठरलं? पुण्यातलं घर झालं का ताब्यात? कळव.

तर सांग, वनखात्यातल्या आपल्या माणसाला फोन करू का? आधी मालकाशी बोलून लेखी घेऊ, की पुढं एक पण जंगलातलं आणायचं नाही, नाहीतर मी काम सोडतो? मला दुसरं बरं वाटतंय, पण ॲडव्हान्स परत द्यायला लागला तर तुझ्याकडनंच मागणार, आधीच सांगतो. रविवारी संध्याकाळी फोन कर, सकाळी मी जांबोटीला असतो, तिथं रेंज नाही. आणि येताना फवाऱ्याची बारीक नोझल आण, डझनभर, इथं ठिबकचीच मिळतात. पैसे देतो. गेल्या खेपेचे पण.

तुझा,
दत्ता