सहलीला निघताना दागिन्यांबाबत सूचना

मंडळाच्या सर्व भगिनींना नमस्कार. शुक्रवारी रात्री भुसावळहून आपली गाडी आहे. दागिने न्यावेत का, असं बऱ्याच जणी विचारताहेत. जे पुन्हा घडवता येणार नाही ते सोबत नको, बंद घरातही नको, लॉकरमध्ये ठेवा.

मागच्या सहलीत मी धर्मशाळेत अंघोळीआधी आईची पोत खुंटीला अडकवली आणि विसरले. परत धावत गेले तर खुंटी रिकामी. तिचा एक मणी चेपलेला होता, लहानपणी मीच चावून चेपवलेला. तो मणी जळगावच्या सराफ बाजारात कुठून मिळणार?

लॉकरमधून चोरी झाली तरी बँक वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच भरपाई देते. म्हणून फोटो, पावत्या घरी वेगळ्या ठेवा. रोजचं मंगळसूत्र पुरे. लॉकरचं काम गुरुवारीच उरका.