फोन नाही दिला

प्रिय सुमे,

दिवाळीपासून पत्र नाही, शिव्या दे. गुडघा आहे तसाच, बीपी गोळीवर.

मसाल्याच्या ऑर्डरींसाठी एक मुलगी ठेवलीय. नांदेडला तिच्या घरी बसूनच काम करते. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात म्हणे. रोज दहा ते एक, महिना आठ हजार. आधीचे पंधरा दिवस चाचणीचे, पण फुकट नाही. तू हसणार. सहलीच्या हिशोबाची वही जिने कुणाच्या हाती लागू दिली नाही, ती धंद्याचा फोन परक्या पोरीला देतेय! (ते साडेतीनशे तुझ्याकडेच निघत होते, अजून निघतात.)

फोन नाही दिला. वेगळं सिम घेतलं, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं आणि क्यूआर स्कॅन करून तिचा लॅपटॉप जोडला. फोनखेरीज अशी चार उपकरणं जोडता येतात. जुन्याच नंबरवर केलं असतं तर जाऊबाईंचे निरोपही तिने वाचले असते. माझा फोन चौदा दिवस वापरात नसला की तिचं आपोआप लॉगआउट होतं, म्हणजे गावी जाताना तो बंद करून कपाटात टाकायची सोय नाही. काम सुटलं की त्याच दिवशी ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून तिला काढायचं.

झोप उडते ती पैशांपायी. गिऱ्हाईक यूपीआयचा स्क्रीनशॉट टाकतं, ही ‘पैसे मिळाले’ लिहिते, पार्सल निघतं आणि खात्यात दमडी नाही. स्क्रीनशॉट कुणीही बनवतं. खरा असला तरी कधी ‘पेंडिंग’चा असतो. बँकेचं लॉगिन तिला द्यायचं नाही, मग तिने खात्री करायची कुठून? म्हणून गूगल शीटमध्ये दोन रकाने केले. ती त्या व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय नंबर टाकते. मी बारा वाजता आणि पाच वाजता बँकेच्या ॲपमध्ये बघून शेजारी टिक करते. तो रकाना तिच्यासाठी लॉक. टिक नाही तर पॅकिंग नाही, मग समोरचा कितीही ओरडो. जीएसटीचंही तेच. बिलांचा तक्ता ती करते, रिटर्नचा ओटीपी माझ्याच मोबाइलवर. ‘फक्त एकदा सांगा ना ताई’ म्हणाली तरी नाही.

पत्ते मात्र आधी एकाच रकान्यात कोंबले होते, चूक माझीच. कुरिअरच्या फॉर्ममध्ये उतरवताना पिनचा एक आकडा इकडचा तिकडे होतो, पार्सल फिरून घरी येतं आणि दोन्हीकडचं भाडं आपल्या बोकांडी. आता पिन वेगळा, मोबाइल वेगळा, तिखट की मध्यम तेही वेगळं.

आणि बोलणं गं! दर, वजन, पोचायला किती दिवस, याला क्विक रिप्लाय आहेत. स्लॅश देऊन ठरलेला शब्द टाकला की आख्खं उत्तर येतं. पण ‘सुनेला तिखट सोसत नाही, कांदा-लसूण देऊ की गोडा?’ याला कसला रिप्लाय लिहून ठेवू? अशा चॅटला ती ‘ताईंना विचारा’ हे लेबल लावते. रोज पंधरावीस साठतात. म्हणजे डोकं शेवटी माझंच, पण निदान पत्ते उतरवणं सुटलं.

चिन्मयची ॲडमिशन झाली का? भाऊजींचा चष्मा? नवं घर बघायला येते, नक्की.

तुझं अर्धा किलो उद्या निघेल, मिरची बेतानेच घातलीय. ट्रॅकिंग नंबर तीच पाठवेल. ‘प्रिय ग्राहक’ लिहिलं तर भडकू नकोस.

तुझीच,
माली